गेमिंग पीसीसाठी मदरबोर्ड कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाग मदरबोर्ड घेतला तर गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतात का?

नाही. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम तीच ठेवली, तर साधा पण धड बी६५० बोर्ड आणि त्याच्या तिप्पट किमतीचा एक्स८७०ई बोर्ड (ही बोर्डावरच्या चिपसेटची, म्हणजे पोर्ट आणि ड्राइव्ह सांभाळणाऱ्या चिपची नावं) यांच्यातला फरक खेळताना जाणवत नाही. उलट मात्र होतं. बोर्ड फारच हलक्या दर्जाचा असला, तर प्रोसेसरला पुरेशी वीज मिळत नाही, रॅम पूर्ण वेगाने चालत नाही आणि एफपीएस कमी होतात. म्हणून प्रोसेसरला अडवणार नाही असा बोर्ड घ्यायचा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालायचे. ज्यादा पैशात मिळतात ते पोर्ट, एम.२ (पट्टीसारख्या एसएसडीचे) स्लॉट, वायफाय आणि दिवे. त्यातलं तुम्हाला खरोखर काय लागणार, ते आधी कागदावर लिहा.

खरेदी कोणत्या क्रमाने ठरवायची?

मॉनिटरचं रिझोल्यूशन, त्यावरून ग्राफिक्स कार्ड, त्याला साजेसा प्रोसेसर आणि मग बोर्ड. दुकानात बहुतेक वेळा 'बोर्ड-प्रोसेसर कॉम्बो' पुढे केला जातो आणि गाडी उलटी सुरू होते. साधारण अंदाज असा ठेवावा की गेमिंग पीसीत बोर्डाची किंमत प्रोसेसरच्या किमतीएवढी किंवा त्याहून थोडी कमी असावी. ती प्रोसेसरच्या वर जायला लागली, तर कशासाठी जाते आहे हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

सध्या कोणता सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) घ्यावा?

नवा पीसी असेल आणि दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायची इच्छा असेल, तर एएमडीचा एएम५. सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० बरोबर तो आला. नंतरचे ८००० आणि ९००० मालिकांचे प्रोसेसरही त्याच सॉकेटमध्ये बसतात. हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे. आज रायझन ५ ७६०० लावून पुढे एखादा एक्स३डी (जास्त कॅशचा, गेमिंगला वेगवान) प्रोसेसर बसवायचा, हा मार्ग इथे मोकळा राहतो. रॅम मात्र फक्त डीडीआर५ प्रकारची.

एएम५ च्या आधीचा सॉकेट एएम४ जुना झाला, पण संपला नाही. घरात डीडीआर४ रॅम पडून असेल तर बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० ही जोडी १०८०पी गेमिंग अजून नीट पेलते. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे हाताशी असलेल्या रॅमचं मोल वाढलं आहे. रायझन ५ ५५०० किंवा ५६००जी घेताना एक लक्षात ठेवा: बोर्ड बी५५० असला तरी हे प्रोसेसर पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड आणि ड्राइव्ह जोडणारा रस्ता) ३.० वरच चालतात.

इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये १२, १३ आणि १४ अशा तीन पिढ्या बसतात. याच सॉकेटचे काही बोर्ड डीडीआर४ चे असतात, काही डीडीआर५ चे. नाव जवळजवळ सारखंच, फक्त शेवटी 'डी४' असतं किंवा नसतं. एका स्लॉटची रॅम दुसऱ्यात बसतच नाही, कारण खाच वेगळ्या जागी असते. ऑनलाइन मागवताना या 'डी४' वरून चूक सहज होते. १३व्या-१४व्या पिढीचा जास्त वॅटचा प्रोसेसर घेणार असाल, तर बोर्डावर सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतरचा बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) हवाच. व्होल्टेज जास्त जाऊन हे प्रोसेसर कायमचे बिघडत होते. इंटेलने मायक्रोकोड (बायोसमधून येणारा प्रोसेसरच्या आतला कोड) सुधारला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर बायोसने सुधारत नाही.

एलजीए १८५१ हा इंटेलचा त्यानंतरचा सॉकेट, त्यात ऑक्टोबर २०२४ चे कोअर अल्ट्रा २०० प्रोसेसर बसतात. व्हिडिओ एडिटिंगला चांगले. निव्वळ गेमिंगसाठी रायझन एक्स३डी पुढे आहेत, त्यामुळे खास सवलत मिळाल्याशिवाय त्या वाटेला जाण्याचं कारण दिसत नाही.

बी६५०, बी८५०, एक्स८७०, एक्स८७०ई: नेमका फरक काय?

आकडा मोठा म्हणजे चिपसेट नवा आणि जोरदार, असं इथे नाही. बी६५०, बी८५० आणि एक्स८७० या तिन्हींत मुळात एकाच जातीची एकच चिप असते. एक्स६७० आणि एक्स८७०ई मध्ये तशा दोन असतात, म्हणून त्यांच्यावर यूएसबी आणि एम.२ जास्त मिळतात.

बाकीचा फरक सक्तीचा आहे, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने काय दिलंच पाहिजे एवढाच. एक्स८७० वर यूएसबी४ आणि ग्राफिक्स स्लॉटला पीसीआयई ५.० सक्तीचं. बी८५० वर एका एम.२ स्लॉटला ५.० सक्तीचं, ग्राफिक्स स्लॉटला ऐच्छिक. बी६५० चा ग्राफिक्स स्लॉट ४.० असतो, बी६५०ई चा ५.०. थोडक्यात, एक्स८७० म्हणजे यूएसबी४ जोडलेला बी६५०ई. बाहेरून वेगवान ड्राइव्ह जोडायची नसेल, तर ते पैसे वाया.

या यूएसबी४ ची आणखी एक छुपी किंमत आहे. त्याच्या चार लेन (पीसीआयईच्या डेटा-वाटा) प्रोसेसरकडून येतात. त्यामुळे काही एक्स८७० बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये ड्राइव्ह लावली की यूएसबी४ चा वेग निम्मा होतो, आणि काही बोर्डांवर ग्राफिक्स स्लॉट सोळावरून आठ लेनवर येतो. मॅन्युअलमधला लेन-वाटपाचा तक्ता खरेदीआधी वाचा. ते कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं.

बी८४० हा बी८५० चा धाकटा भाऊ वाटतो, पण तो सगळ्यात साध्या ए६२० च्या जवळचा आहे. चिपसेटकडच्या लेन पीसीआयई ३.० च्या आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग (नेमल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) नाही. स्वस्त मिळाला तरच घ्यावा. बी६५० च्या भावात मिळत असेल तर बी६५०.

इंटेलसाठी झेड चिपसेट लागतोच का?

प्रोसेसरच्या नावात शेवटी 'के' असेल आणि तुम्ही स्वतः ओव्हरक्लॉक करणार असाल, तरच. आय५ १४४००एफसारख्या प्रोसेसरला बी७६० पुरतो आणि त्यावर एक्सएमपी (रॅममधली तयार वेग-सेटिंग) लावून रॅमचा वेगही वाढवता येतो. एच६१० मात्र गेमिंगसाठी टाळा. रॅमचे स्लॉट दोनच, एक्सएमपीचा वेग नाही, प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ नाही, आणि व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) बहुधा हीटसिंकशिवाय उघडा. 'एफ' आला की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतात हेही ध्यानात असू द्या. ग्राफिक्स कार्ड नंतर घेऊ म्हणाल तर तोवर स्क्रीनवर काहीच येणार नाही. एएमडीमध्ये रायझन ५ ७५००एफची तीच गत.

व्हीआरएम म्हणजे काय आणि तो बघायचा कसा?

एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा-एक व्होल्टपर्यंत उतरवणारी मंडळी, म्हणजे सॉकेटच्या डावीकडे आणि वर ओळीने बसलेली मॉस्फेट आणि चोक. १२० वॅट घेणारा प्रोसेसर १.२ व्होल्टवर चालला, तर या भागातून १०० अँपिअर वाहतात. घरात गिझरला जेमतेम दहा-पंधरा अँपिअर लागतात, यावरून कल्पना यावी. एवढ्या प्रवाहात उष्णता होणारच. मॉस्फेट फार तापले की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. गेम सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं छान आणि मग अडखळत चालतो, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. लोक मात्र ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतात.

खोक्यावरचा '१२+२+१' हा फेजचा (वीज पुरवणाऱ्या शाखांचा) आकडा एकटा काही सांगत नाही. एकाच सिग्नलवर दोन-दोन मॉस्फेट लावूनही तो आकडा वाढवता येतो. एका फेजची अँपिअर क्षमता किती, आणि वर धातूचा खराखुरा जाड हीटसिंक स्क्रूने बसवलेला आहे का, हे पाहा. प्लॅस्टिकचं झाकण हीटसिंक नव्हे.

किती पुरे? रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, त्याला हीटसिंक असलेला कोणताही बी६५० चालतो. रायझन ७ ७८००एक्स३डीची मर्यादा १६२ वॅट असली तरी गेममध्ये तो त्याच्या निम्म्याच्याही खाली राहतो, त्यामुळे मध्यम बोर्ड भरपूर झाला. रायझन ९ ९९५०एक्स २०० वॅटच्या आसपास आणि आय९ १४९००के २५३ वॅटपर्यंत जातो. तिथे मात्र व्हीआरएमवर हात आखडता घेऊ नका.

चाचण्यांचे व्हिडिओ पाहताना खोलीचं तापमान बघा. ते बहुतेक वेळा २१ ते २५ अंश असतं. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि एसी नसलेल्या खोलीत दुपारी ३८-४० अंश सहज असतात. चाचणीत ८० अंश दाखवणारा व्हीआरएम तिथे ९५ वर बसेल. विदर्भ-मराठवाड्यात बोर्ड एक पायरी वरचा घ्या आणि कॅबिनेटमध्ये मागे वर हवा बाहेर ओढणारा पंखा ठेवा. लिक्विड कुलर लावला की सॉकेटभोवतीची हवा थांबते, तेव्हा तर हा पंखा हवाच.

रॅमचे दोन स्लॉट पुरतात की चार हवेत?

गेमिंगला १६ जीबीच्या दोन पट्ट्या म्हणजे ३२ जीबी, आणि विषय संपला. चार स्लॉट असले तरी डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावू नका. रायझन ७००० साठी दोन पट्ट्यांचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. एएम५ वर ६००० वेगाच्या, सीएल३० च्या (कमी विलंबाच्या) दोन पट्ट्या ही जमलेली निवड आहे.

पट्ट्या कुठे लावायच्या? चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या. पहिल्या दोनांत शेजारी-शेजारी लावल्या तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि वेग पडतो. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीची तशीच सेटिंग) चालू करा. ते केलं नाही तर ६००० ची रॅम ४८०० किंवा ५६०० वर गुपचूप चालत राहते.

ग्राफिक्स स्लॉट पीसीआयई ५.० चाच हवा का?

सोळा लेन वापरणाऱ्या कार्डांना ४.० मध्ये काही कमी पडत नाही. काळजी घ्यायची ती आठ लेनच्या कार्डांबाबत: आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, आरएक्स ७६००. जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावर यांना मिळणारा रस्ता अरुंद होतो. कार्डावरची ८ जीबी मेमरी भरली की माल त्याच रस्त्याने येतो आणि खेळ झटके देतो. तसंच रायझन ५ ८४००एफ ग्राफिक्स कार्डाला आठच लेन देतो आणि ८५००जी चारच. बोर्ड कितीही चांगला असो, प्रोसेसरने दिलेल्या लेन तो वाढवू शकत नाही.

एम.२ स्लॉट किती घ्यावेत?

दोन. एक प्रोसेसरला जोडलेला, त्यात विंडोज आणि रोजचे गेम. दुसरा चिपसेटचा असला तरी चालेल. पीसीआयई ३.० ची, म्हणजे तिसऱ्या पिढीची ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ३,५०० एमबी वाचते, चौथी ७,००० पर्यंत. गेम उघडायला लागणाऱ्या वेळात या दोघींत एखाद-दुसऱ्या सेकंदाचा फरक पडतो. पाचव्या पिढीच्या ड्राइव्हवर पैसे घालवू नका, शिवाय ती तापते. एम.२ लावल्यावर जुनी साटा (केबलने जोडलेली) डिस्क दिसेनाशी झाली, तर घाबरू नका. पुष्कळ बोर्डांवर एखादा एम.२ एक-दोन साटा पोर्ट बंद करतो. डिस्क दुसऱ्या पोर्टला लावा.

मोठा बोर्ड की छोटा?

एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. एका ग्राफिक्स कार्डाच्या पीसीला मायक्रो-एटीएक्स पुरतो आणि पैसे वाचतात. मिनी-आयटीएक्स त्याच दर्जाला महाग पडतो.

वायफाय आणि साउंड?

केबल ओढता येत असेल तर केबलच. नसेल तर वायफाय असलेलं मॉडेल घ्या आणि मागे अँटेना लावायला विसरू नका. त्याविना सिग्नल जवळजवळ शून्य असतो. साउंडसाठी जादा पैसे मोजू नका.

'बायोस जुना आहे, नवा प्रोसेसर चालणार नाही' म्हणतात ते काय?

बी६५० बोर्ड दुकानात बरेच दिवस पडून असेल, तर त्यावर २०२४ च्या मध्याआधीचा बायोस असू शकतो आणि रायझन ९००० लावल्यावर डिस्प्ले येत नाही. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही अपडेट होतो. म्हणून हे बटण असलेलाच बोर्ड घ्या, वायफायपेक्षाही हे महत्त्वाचं.

करायचं असं: पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. आपल्या मॉडेलची बायोस फाइल उतरवा. मॉडेलच्या नावात वायफायचा फरक असेल आणि रिव्हिजन १.० की १.१ लिहिलं असेल, तर तेही जुळवा. मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव फाइलला द्या. बोर्डाला २४ पिनांची आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल लावा. मागच्या खुणा केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच पेन ड्राइव्ह घाला. एसएमपीएस चालू करून बटण सुमारे तीन सेकंद दाबा. दिवा लुकलुकायला लागेल, तो आपोआप थांबेपर्यंत हात लावू नका. लाइट टिकण्याचा भरवसा नसेल तर हे काम यूपीएसवरच करा. दिवा दोन-चार वेळा लुकलुकून लगेच थांबला किंवा नुसता स्थिर राहिला, तर फाइलचं नाव, पोर्ट किंवा फॉरमॅट चुकलं आहे.

एक्स३डी प्रोसेसर असेल तर नवा बायोस आणखी एका कारणाने हवा. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी जास्त एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाच्या) व्होल्टेजने जळाले. त्यानंतर एएमडीने बायोसमधून ते १.३ व्होल्टवर अडवलं.

कॅबिनेटच्या कोणत्या वायरी आधी जुळवून पाहाव्यात?

पुढच्या टाइप-सी पोर्टसाठी बोर्डावर वेगळा हेडर (पिनांचा जोड) लागतो. स्वस्त बोर्डांवर तो नसतो आणि पोर्ट नुसता शोभेचा राहतो. दिव्यांच्या बाबतीत तीन पिनांचा ५ व्होल्ट आणि चार पिनांचा १२ व्होल्ट हे वेगळे हेडर आहेत. ५ व्होल्टची पट्टी १२ मध्ये जबरदस्तीने घातली तर दिवे जळतात. पंख्यांचे हेडर किमान तीन असू द्या.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. बोर्ड खराब आहे का?

बहुतेक वेळा बोर्ड नाही, घराचं अर्थिंग खराब असतं. एसएमपीएसच्या आत लाइन आणि न्यूट्रलकडून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर मुख्य व्होल्टेजच्या निम्म्याएवढं व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तोच एचडीएमआय आणि यूएसबीच्या वाटे इतर उपकरणांत शिरतो, आणि पोर्ट मरतात. इलेक्ट्रिशियनला मल्टीमीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये सुमारे २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. हे पाहिल्याशिवाय नवा पीसी लावू नका.

दुकानातून घेताना काय तपासावं?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, जीएसटीचं बिल तुमच्या नावाचं आणि त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर. तो खोक्यावरच्या आणि बोर्डावरच्या नंबराशी जुळवा. भारतातल्या अधिकृत वितरकाची वॉरंटी आहे का, ते विचारा. परदेशातून आलेला स्वस्त बोर्ड इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये बहुतेक वेळा चालत नाही.

मग सॉकेटच्या पिना. एएम५ वर १,७१८ पिना बोर्डावरच असतात. काळं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. सगळ्या पिना एकसारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी जागा मंद दिसली तर तिथे पीन वाकलेली आहे. काउंटरवरच फोटो काढून ठेवा, कारण वाकलेली पीन वॉरंटीत धरत नाहीत. ते झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लागतं. सेकंडहँड बोर्ड घेताना याच तपासणीला दुप्पट वेळ द्या आणि तो चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

सगळं जोडलं, पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही. आता?

एएम५ असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा रॅम शिकून घ्यायला बोर्डाला पाच-दहा मिनिटंही लागतात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. घाईने बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तरी नाही आलं, तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की बोर्डाला, ते पाहा. मग प्रोसेसरची ८ पिनांची केबल. ती राहिली असेल किंवा त्या जागी ग्राफिक्स कार्डाची केबल कोंबली असेल. दोन्हींवर पिनांचे आकार उलट असतात, जोर लावू नका. २४ पिनांचा कनेक्टर 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर कोणता अडला आहे ते कळतं. डीरॅमचा दिवा असेल तर एकच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. व्हीजीएचा असेल तर कार्ड काढून पुन्हा दाबून बसवा.

यातूनही उठलं नाही, तर एसएमपीएसचं बटण बंद करून नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. शेवटचा उपाय म्हणजे बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्या खोक्यावर ठेवून चालवणं. बाहेर चालला आणि आत नाही, तर बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ चुकीच्या जागी राहून शॉर्ट करतो आहे.

गेम 'सिक्युअर बूट चालू करा' म्हणतो, बोर्ड बदलावा लागेल का?

वर सांगितलेला कोणताही बोर्ड असेल तर नाही. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि सिक्युअर बूट (सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सेटिंग) दोन्ही लागतात, आणि बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतो. एएमडीच्या बायोसमध्ये टीपीएम 'एफटीपीएम' नावाने असतं, इंटेलमध्ये 'पीटीटी'. आधी सिस्टम इन्फर्मेशन उघडून बायोस मोड पाहा. तिथे 'लेगसी' असेल तर डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे. ती जीपीटी या नव्या पद्धतीत बदलल्याशिवाय बायोसमधलं सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद केलंत, तर विंडोज उघडणारच नाही. विंडोजमधलं एमबीआर२जीपीटी हे साधन डेटा न पुसता ते करतं, तरी आधी बॅकअप घ्या. मग सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, आणि त्याच पानावर मूळ 'की' (सिक्युअर बूटच्या सुरक्षा-किल्ल्या) पुन्हा बसवण्याचा पर्याय निवडून सेव्ह करा. सेटिंग चालू दाखवत असूनही गेम नाही म्हणत असेल, तर बहुधा त्या 'की' बसवायच्या राहिलेल्या असतात.